रकाना चौथा: गाण्याचे नाव

तीर्थरूप मामांना,

भाचीचा नमस्कार. साष्टांग लिहिणार होते, पण मागल्या आठवड्यात फ्रीजरचं झाकण उचलताना कमरेत उसण भरली, त्यामुळे सध्या आठांपैकी पाचच अंगं जमिनीला टेकतात. उरलेली तीन बरी झाली की मागाहून पाठवते. तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढता का, की अजून मामीच्या खांद्यावर हात ठेवून "मी तुला आधार देतोय" असं सांगत चढता? मामीच्या नव्या चष्म्याचा नंबर बरोबर आलाय ना, असं आमच्या ह्यांनी खास विचारलंय. काच ह्यांनी स्वतः घासली होती. (बरोबर नसेल तर मला कळवा, ह्यांना नको. मागे एका गिऱ्हाइकाने तक्रार केली तेव्हा दोन दिवस जेवले नव्हते.) चष्मा बरोबर असेल तर हे पत्र मामीनेच मोठ्याने वाचावं. तुमच्या हातात दिलं की तुम्ही पहिलं पान वाचून "बरं बरं" म्हणता आणि घडी घालून खिशात टाकता, हे मला ठाऊक आहे, आणि या पत्रातलं महत्त्वाचं पहिल्या पानावर नाही.

आम्ही सगळे मजेत. गाडीही मजेत. हे आधीच लिहिते, नाहीतर पुढचं वाचताना तुमचा जीव टांगणीला लागेल. परगावी राहायला जाताना गाडी माझ्या हवाली केलीत तेव्हा तुम्ही तीन गोष्टी बजावल्या होत्या: दुसरा गियर गोडीगुलाबीने टाकायचा, व्हॅनिला कधी संपू द्यायचं नाही, आणि गाण्याच्या डबीला हात लावायचा नाही. पहिल्या दोन मी दीड वर्ष इमानाने पाळल्या. तिसरीबद्दल सविस्तर लिहिते.

तीन आठवड्यांपूर्वी गाडीचा परवाना नवा करायला नगरपालिकेत गेले. दरवर्षीचं पाच मिनिटांचं काम. पण खिडकीमागचे जुने कारकून निवृत्त झालेत (तेच, जे स्ट्रॉबेरीचे दोन कोन घ्यायचे आणि "हा घरी नेतो" म्हणत दुसराही खिडकीतच संपवायचे). त्यांच्या जागी एक सडपातळ, कडक इस्त्रीचे गृहस्थ आलेत. त्यांचं कागदावर अतोनात प्रेम आहे. कुठलाही कागद पुढे सरकवा, ते उलटून बघतात आणि विचारतात, "याचं जोडपत्र?" जोडपत्र द्या, की त्याचंही जोडपत्र मागतात. रांगेतल्या लोकांनी त्यांचं नावच जोडपत्र पाडलंय. मीही तेच वापरते, कारण खरं नाव हवं असेल तर त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागेल असं दिसतं. तर यंदा अर्जाला एक नवं पान आलंय: फिरत्या गाडीवर संगीत वाजत असेल तर त्याची माहिती. वाद्य कोणतं, आवाज किती, किती वेळ वाजतं, हे मी झरझर भरलं. वाद्याच्या रकान्यात तर मी निबंधच लिहिला: स्टिअरिंगखाली पत्र्याची डबी, डबीत पितळेचं काटेरी नळकांडं, बॅटरीवरची छोटी मोटर ते फिरवते, काटे पोलादी फणीला छेडत जातात आणि तो आवाज टपावरच्या कर्ण्यातून बाहेर येतो. मग आला रकाना चौथा. गाण्याचे नाव.

मामा, माझं पेन तिथेच थांबलं. वीस वर्षं तुम्ही ते वाजवलंत, त्यातली सहा वर्षं मी तुमच्या शेजारी बसून कोन भरले, पुढे दीड वर्ष मी स्वतः वाजवतेय. झोपेतून उठवलं तरी ते मी जसंच्या तसं म्हणून दाखवीन. (दाखवलं, आणि त्याचं काय झालं ते पुढे येतंच.) पण ते गाणं कोणतं, हे मला माहीतच नाही! तुम्हाला कोणी विचारलं की तुम्ही गंभीर चेहरा करून म्हणायचात, "जुनं आहे," आणि समोरचा मान डोलावून कोन चाटायला लागायचा. मी पुष्कळ विचार करून रकान्यात लिहिलं, "आइस्क्रीमचं गाणं". जोडपत्रांनी ते वाचून माझ्याकडे असं पाहिलं, जणू वडिलांच्या नावाच्या रकान्यात मी "आमचे बाबा" लिहिलंय. म्हणाले, अनोळखी गाण्याला परवाना देता येत नाही, उद्या ते कोणाचं निघालं तर? पंधरा दिवसांत नाव आणा. तोवर गाडी चालवा, आइस्क्रीम विका, पण डबी बंद.

डबी बंद म्हणजे काय, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. पहिल्या दिवशी मी शाळेमागच्या गल्लीत नेहमीच्या जागी गाडी लावली आणि खिडकी उघडून बसले. चिटपाखरू नाही. दुसऱ्या दिवशी हातघंटा घेऊन गेले. घंटा वाजवताच धडाधड दारं उघडली, माझा चेहरा खुलला, आणि पाहते तर सगळी मंडळी कचऱ्याची डबडी घेऊन बाहेर. एका आजोबांनी तर मी काही बोलायच्या आत बटाट्याच्या सालींची पिशवी खिडकीतून आत ठेवली आणि "सावकाश जा हो" म्हणून परत गेलेसुद्धा. तिसऱ्या दिवशी मी स्वतःच ओरडून पाहिलं. त्याबद्दल काही लिहीत नाही. दवाखान्यातल्या नर्सबाई भेटल्या तर माझ्यावरच रागावल्या. आपल्या गाण्यावर त्या दुपारी चारचा चहा ठेवायच्या म्हणे, आता चहा कधी पाचला होतो, कधी होतच नाही. विक्रीचं सोडा मामा, पण संध्याकाळी भरलेला फ्रीजर तसाच घेऊन मुक्या गाडीतून परत येताना आपण आपल्याच गल्ल्यांतून चोरासारखे जातोय असं वाटायचं.

शेवटी मी वन्संकडे गेले. (मामी, तुला आमच्या वन्सं आठवतील: ह्यांची थोरली बहीण, गणिताची शिक्षिका, लग्नात अक्षता टाकायच्या आधी भटजींना पंचांगातली बेरीज चुकल्याचं दाखवणाऱ्या.) निवृत्तीनंतर त्यांनी कॉम्प्युटर घेतला, कोणालाही न विचारता स्वतःच शिकल्या, आणि आता त्या त्याच्याशी वर्गातल्या हुशार पण आळशी मुलाशी बोलावं तशा बोलतात. माझी हकीकत ऐकून त्या म्हणाल्या, "अगं, त्यात काय? हल्ली कॉम्प्युटरला गाणं ऐकवलं की तो ओळखतो." मग त्यांनी मला आलेखाच्या कागदावर ठिपके काढून समजावलं. गाण्यात जिथे जिथे आवाज उंच उसळतो तिथे तिथे कॉम्प्युटर ठिपका मांडतो, आणि ठिपक्यांची ती नक्षी जगातल्या लाखो गाण्यांच्या नक्षीशी ताडून बघतो. मला ते रांगोळीसारखं वाटलं, असं मी म्हटलं. वन्संनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वन्सं गाडीत आल्या. आइस्क्रीम काढायच्या लांब दांड्याच्या चमच्याला चिकटपट्टीने मायक्रोफोन बांधला, तो डबीसमोर धरून मी उकिडवी बसले, वन्सं मागे मांडीवर कॉम्प्युटर घेऊन गोण्यांवर, आणि कर्ण्याची वायर काढून ठेवली, म्हणजे जोडपत्रांचा नियम मोडायला नको. डबी वाजली. कॉम्प्युटरने विचार केला. उत्तर आलं: कपडे धुण्याचं यंत्र, खात्री नव्वद टक्के. वन्सं म्हणाल्या, तो फ्रीजरचं घरघरणं ऐकतोय, फ्रीजर बंद कर. बंद केला. मग उत्तर आलं: दूरच्या कुठल्याशा बेटावरचं कोळ्यांचं गीत, खात्री अकरा टक्के. वन्संनी ते गीत लावलं, तर त्यात वीसपंचवीस दणकट पुरुष जाळं ओढत नुसते "हो हो" करत होते. तिसऱ्यांदा, झोप न येणाऱ्यांसाठी सुखद संगीत, चौदा टक्के. चौथ्यांदा, कोणा राजाच्या राज्याभिषेकाची मिरवणूक, नऊ टक्के. असं दीड तास चाललं. तोवर बंद फ्रीजरमधली स्ट्रॉबेरी पातळ व्हायला लागली. टाकून कशी द्यायची, म्हणून आम्ही दोघींनी ती खाल्ली. वन्संना साखर आहे. (खाल्ल्याचं ह्यांना माहीत नाही. मामी, हे वाक्य मोठ्याने वाचलंस तरी चालेल, तिथून ऐकू येत नाही.)

मग वन्सं म्हणाल्या, डबी जुनी आहे, सूर पुसट झालेत, आपण तोंडाने म्हणू, गुणगुणलेलंही त्याला कळतं. मी पुढे झाले. पाठ ताठ केली, डोळे मिटले आणि सबंध गाणं, शेवटच्या त्या "टिंग"सकट, मन लावून म्हटलं. कॉम्प्युटरने उत्तर दिलं: "आवाज आढळला नाही. कृपया गाणे सुरू करा." मामा, माझं वय आता सत्तेचाळीस आहे, आणि इतक्या मोजक्या शब्दांत माझा पाणउतारा आजवर कोणी केलेला नाही. मग ह्यांना बोलावलं. ह्यांनी म्हटलं मात्र, आणि कॉम्प्युटर पटकन म्हणाला, ओळखलं, सत्त्याण्णव टक्के! आम्ही दोघी टाळ्या पिटणार, तेवढ्यात वन्संनी नाव वाचलं. ते आमच्या लग्नाच्या वर्षी जिकडेतिकडे वाजणारं एक भावगीत होतं. हे कुठलंही गाणं म्हणायला लागले की तिसऱ्या ओळीपर्यंत त्याचं ते भावगीत होतं, हे मला गेली पंचवीस वर्षं माहीत आहे, फक्त त्याचा छापील पुरावा पहिल्यांदाच मिळाला.

बातमी फुटायला वेळ लागत नाही. वरच्या मजल्यावरचा शिंपी शपथेवर सांगायला आला की हे नाचाच्या बॅंडचं गाणं आहे, त्याच्या आत्याने यावर बक्षीस मिळवलं होतं. नर्सबाई म्हणाल्या, ही तर प्रार्थना आहे. दोघांची आमच्या ओट्यावर जुंपली, आणि शेवटी शिंप्याने प्रार्थनेवर नाचून दाखवलं आणि नर्सबाईंनी नाचावर हात जोडून दाखवले, तरी निकाल लागेना. पंधरातले अकरा दिवस गेले. मी मनाशी ठरवलं की आता तुम्हाला कळवायचं, मामा, डबी काढून ठेवते. पत्र लिहायला घेतलंसुद्धा. दोन ओळींच्या पुढे गेलं नाही.

पण वन्सं कुठल्या सोडतात! त्यांनी वही काढली, रेघा मारल्या, आणि त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये आवाजाला जे जे काही करता येतं ते ते एकाखाली एक लिहून काढलं. हळू करून ऐकवणं, जलद करून ऐकवणं, जाड आवाज काढून टाकणं, पातळ आवाज काढून टाकणं, अशा तब्बल सव्वीस शक्यता. म्हणाल्या, "उत्तर आहे. रीत चुकतेय. एकेक रीत खोडत जायचं." बाराव्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास त्या एकोणिसाव्या शक्यतेवर होत्या आणि मी शेजारी बसून लसूण सोलत होते. एकोणिसावी शक्यता होती, उलट. म्हणजे रेकॉर्ड केलेलं शेवटाकडून सुरुवातीकडे वाजवायचं. वन्संनी बटण दाबलं. प्रत्येक सूर नळीतून सरबत ओढावं तसा आत आत ओढला जात होता. कॉम्प्युटर म्हणाला, ओळख पटली नाही. मी "गेली ही पण" म्हणून पुढची पाकळी उचलली. पण वन्संची पेन्सिल वहीवर उतरेना. त्यांनी परत तेच लावलं. परत लावलं. चौथ्यांदा त्यांचा पाय हलायला लागला. आणि मग, मामा, ज्या बाईला मी आरतीतसुद्धा कधी ओठ हलवताना पाहिलं नाही, ती खुर्ची मागे ढकलून उठली, उजव्या हाताचं बोट दातांवर धरून खणखणीत आवाजात गायला लागली:

वरचे घासा, खालचे घासा,
कोपऱ्यातला सोडू नका,
चूळ भरा अन् आरशात बघा,
मग लोकांपुढे खुशाल हसा!

शेवटच्या ओळीला दोन्ही हात कमरेवर ठेवून, मान तिरकी करून, सगळे दात दाखवून हसणं, ही त्यातली हुकमी कृती. वन्संनी ती केली. माझ्या हातातला लसूण खाली सांडला. त्या आठ वर्षांच्या असताना त्यांच्या शाळेत एक पांढरीशुभ्र गाडी आली होती म्हणे, दंतमंजनाच्या कंपनीची. गाडीवर हे गाणं वाजायचं, गणवेशातल्या एक बाई लाकडी जबडा घेऊन उतरायच्या, सगळ्या मुलांना रांगेत दात घासायला लावायच्या आणि एकेक छोटी डबी फुकट द्यायच्या. वन्संना वर्गाची दंतप्रमुख नेमलं होतं, छातीवर बिल्ला लावून. "मी रोज सगळ्यांचे दात तपासायचे," त्या म्हणाल्या, आणि डोळे पुसून परत एकदा पहिल्यापासून गायल्या. दुसऱ्या वेळी मीही उभी राहिले. तिसऱ्या वेळी हे कामावरून आले आणि दारातच थांबले. दोन बायका बोटाने दात घासत नाचताहेत, हे पाहून त्यांनी आधी गॅस बंद आहे का ते बघितलं.

आता मामा, पुढचं जरा जपून लिहिते. मी स्क्रूड्रायव्हर घेऊन गाडीत गेले आणि तुमची आज्ञा मोडून डबी उघडली. आत दोन वायरी आहेत. मोटरवर एक लाल खूण आहे, एक काळी. लाल वायर काळ्या खुणेवर आहे आणि काळी लाल खुणेवर. भंगारवाल्याकडून गाडी आणलीत तेव्हा बंद पडलेली डबी तुम्ही एका झटक्यात सुरू केलीत, ही गोष्ट आम्ही सगळ्यांनी तुमच्या तोंडून इतक्यांदा ऐकलीय की मामी ती ओठ न हलवता तुमच्याबरोबर म्हणू शकते. ती सुरू तुम्हीच केलीत, यात वादच नाही. फक्त मोटर उलटी फिरायला लागली, नळकांडं उलटं फिरलं, आणि वीस वर्षं आपली गाडी दात घासायचं गाणं शेवटाकडून सुरुवातीकडे म्हणत आली. मी वायरी बदलल्या. डबी सरळ वाजली. वन्संनी कॉम्प्युटरला ऐकवलं. त्याने चार सेकंदांत सांगितलं: दंतमंजन कंपनीच्या प्रचारगाडीवरचं संगीत, खात्री अठ्ठ्याण्णव टक्के. कोणी एक गृहस्थ जुन्या जाहिराती जमवतात, त्यांनी अशाच दुसऱ्या एका गाडीचं ध्वनिमुद्रण सांभाळून ठेवलंय. कंपनी केव्हाच बंद पडली. (वन्सं अजून त्या दोन टक्क्यांवरून धुसफुसताहेत.) मग मी मागच्या दाराचा रंग आतून थोडा खरवडला. तुमच्या गुलाबी रंगाखाली राखाडी, राखाडीखाली पांढरा, आणि पांढऱ्यावर एक हसरी दाढ. तिला हात आहेत, पाय आहेत आणि हातात ब्रश आहे. एवढी वर्षं ती दाराआड बसून आपल्याला आइस्क्रीम विकताना बघत होती.

मी म्हटलं, आता खरं गाणं सापडलंय तर तेच वाजवावं, उगाच उलटं कशाला. दुसऱ्या दिवशी कर्ण्याची वायर परत जोडली. (पंधरा दिवस संपायचे होते, पण एक दिवस जोडपत्रांनी मला माफ करावा.) शाळेमागच्या गल्लीत जाऊन सरळ गाणं सुरू केलं. एकही मूल आलं नाही! एका मुलीने खिडकीत येऊन गाडीकडे पाहिलं, "ही ती नाही" असं आत कुणाला तरी सांगून खिडकी लावून घेतली. माझं तोंड एवढंसं झालं. पण मागे वळून बघते तर गल्लीच्या दुसऱ्या टोकाला, जिथे सगळी निवृत्त मंडळी राहतात, तिथली फाटकं उघडायला लागली. काठ्या टेकत, शाली सावरत, एकेक जण बाहेर. एक जुने पोस्टमन आहेत, तोंडात एकही दात नाही, ते सगळ्यांत पुढे, बोट हिरड्यांवर धरून "कोपऱ्यातला सोडू नका" म्हणत. जवळ येऊन विचारतात, "बाई, डबी अजून फुकट मिळते का?" मी म्हटलं, मंजन नाही काका, आइस्क्रीम आहे. ते म्हणाले, दात नाहीत त्याला मंजन काय आणि आइस्क्रीम काय, दे एक चॉकलेटचं. त्या दिवशी नऊ म्हाताऱ्या माणसांनी रस्त्यात उभं राहून, एका हातात कोन आणि एका हाताने कृती, असं ते गाणं सात वेळा म्हटलं. वन्सं मधोमध, प्रत्येकाचा जबडा तपासत. मी ते बघत खिडकीत बसून होते आणि व्हॅनिला संपलं. तुमची दुसरी आज्ञाही मोडली, मामा, पण कारण ऐकलंत ना?

आता इलेक्ट्रिशियनकडून एक दुहेरी बटण बसवून घेतलंय. वर दाबलं की मोटर सरळ, खाली दाबलं की उलटी. शाळेची बाजू आली की खाली, निवृत्तांची बाजू आली की वर.

राहिले जोडपत्र. चौदाव्या दिवशी मी रकाना चौथा भरून नेला: "वरचे घासा, खालचे घासा (उलट व सुलट)". त्यांनी ते तीनदा वाचलं आणि गाडी आवारात आणून वाजवून दाखवा म्हणाले. मी आवारात गाडी उभी करून आधी उलटं लावलं. ऑफिसच्या चारही मजल्यांच्या खिडक्या उघडल्या. जिन्यावरून बूट वाजले. जन्ममृत्यू विभाग, पाणीपुरवठा, घरपट्टी, सगळे माझ्या खिडकीशी रांग लावून उभे, आणि त्यांच्यामागे ज्यांची कामं अडली होती ते लोक. जोडपत्र तेवढे बाजूला वही घेऊन उभे. म्हणाले, "सुलट गाणं कंपनीचं, कंपनी बंद, त्याचं निभेल. पण उलट वाजवलेलं गाणं हे वेगळं गाणं झालं. त्याचा संगीतकार कोण?" मी म्हटलं, ज्याने उलट केलं तो. त्यांनी क्षणभर आकाशाकडे पाहिलं, नियमांची पुस्तिका चाळली, विरोधात काही सापडलं नाही, आणि विचारलं, "पूर्ण नाव?" मामा, तुमचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, शासकीय नोंदवहीत, संगीतकार या रकान्यात, जोडपत्रांच्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं गेलंय. मी स्वतः पाहिलं. रचनेचा प्रकार या रकान्यात काय लिहू, असं त्यांनी विचारलं, तर मी सांगितलं, बॅटरीवरची. तेही लिहिलं. मग शिक्का मारून त्यांनी व्हॅनिलाचा कोन घेतला, एक घास खाल्ला, आणि पहिल्यांदाच हसून माझ्याकडे बघून म्हणाले, "याचं जोडपत्र?" मी एक वेफर वर खोचून दिला.

तर अशी सगळी हकीकत. वायरींचं मनाला लावून घेऊ नका. सरळ जोडल्या असत्यात तर आपल्या गल्लीतली दोन पिढ्यांची मुलं ऐन उन्हाळ्यात आइस्क्रीमसाठी धावण्याऐवजी दात घासायला आत पळाली असती. मामीला माझा नमस्कार आणि वन्संचा निरोप, दोन वेळा घासत जा. मोठ्यांना जमेल तेवढं वाकून, आणि लहानांच्या गालावर थंड हाताने एकेक टिचकी.

तुमची,
गाडीवाली भाची

ता. क. एक महत्त्वाचं राहिलंच. सोबत एक कागद पाठवते आहे. संगीतकाराला नोंदवहीत सही करावी लागते, आणि तीही कारकुनासमोर, समक्ष, या महिन्याच्या वीस तारखेच्या आत. नाहीतर परवाना रद्द होईल. तेव्हा गुडघा कसाही असला तरी यावंच लागेल. खालच्या खोलीत तुमची सोय केलीय, जिना नाही.

दुसरा ता. क. वन्संनी पत्र तपासलं. ऱ्हस्व-दीर्घाच्या अकरा चुका काढल्या आणि वरच्या ता. क.वर लाल फुली मारून म्हणाल्या, खोटं लिहिलेलं मी टपालात टाकणार नाही. म्हणून खरं लिहिते. सही लागत नाही. परवाना आला, भिंतीवर लावलासुद्धा. सोबतचा कागद वन्संनीच छापलाय आणि त्यावरचा शिक्का ह्यांच्या चष्म्याच्या दुकानाचा आहे. खरी गोष्ट अशी की परवा मामीचा फोन आला होता. ती म्हणाली, तुम्ही तिकडे रोज दुपारी चारला उठून खिडकीशी जाता, थोडा वेळ उभे राहता, आणि तिने "काय बघताय?" विचारलं की "काही नाही" म्हणून परत येऊन बसता. दीड वर्ष झालं, म्हणाली. मला हे कोणी आधी का नाही सांगितलं? तेव्हा कारणबिरण काही नाही, नुसतेच या. पोस्टमनकाकांना तुमच्याशी हस्तांदोलन करायचंय, नर्सबाई चहा ठेवून बसतील, आणि महिनाभर गाडी तुम्हीच चालवा, मी शेजारी बसून कोन भरीन. स्टिअरिंगवर माझा काहीही हक्क नाही. दुहेरी बटण मात्र सध्या वन्संच्या ताब्यात आहे, त्या कोणाला हात लावू देत नाहीत. त्यांच्याशी तुमचं तुम्हीच बोला.